बैलाचे दात पाहता, लेकराचे पाहिलेत का?

खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात खोंड घ्यायला गेलेला आपला शेतकरी आधी काय बघतो? वशिंड, खूर, शेपटी हे सगळे नंतर. पहिल्यांदा तो खोंडाचे तोंड धरतो, खालचा ओठ ओढतो आणि दात बघतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की जुळलेला, हे त्याला क्षणात कळते. व्यापाऱ्याने वयाबद्दल कितीही शपथा घेतल्या तरी दात खोटे बोलत नाहीत हे त्याला ठाऊक असते.

हाच शेतकरी संध्याकाळी घरी येतो. घरात दहा वर्षांची मुलगी असते. तिचे कायमचे दात किती आले, दुधाचे किती राहिले, असे विचारले तर तो बायकोकडे बघतो आणि बायको सासूकडे बघते. कुणाला हिणवायला मी हे लिहीत नाही. बैलाला पैसे मोजायचे असतात म्हणून आपण तपासून घेतो. लेकराचे दात आपोआप येतात म्हणून कुणी बघत नाही. बहुतेक वेळा ते येतातही. पण एक दात असा आहे की तो मधूनच वाट चुकतो. तो म्हणजे वरच्या जबड्यातला सुळा.

या लेखाला निमित्त झाले एका भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, "माझ्या मुलीला तेरावे वर्ष पूर्ण झाले. समोरचे दात सगळे आले. डाव्या बाजूचा दुधाचा सुळा पडून तिथे नवा आला त्याला वर्ष होत आले. उजव्या बाजूचा मात्र दुधाचाच आहे आणि जरासुद्धा हलत नाही. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दाताच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली आहे. सासूबाई म्हणतात, तुझाही एक दात असाच दुधाचा राहिलाय, तुझे काय अडले? मालक म्हणतात, दुखत नाही तर खर्च कशाला? दाखवावे की थांबावे?"

ताई, दाखवा. सुगी उरकेपर्यंत थांबलात तर काही बिघडणार नाही. दोन वर्षे थांबलात तर बिघडेल. का ते आता सविस्तर सांगतो. ज्यांच्या घरात आठ ते चौदा वर्षांचे मूल आहे त्या सगळ्यांनीच हे ध्यानात घ्यावे.

माणसाच्या प्रत्येक जबड्यात समोर चार पटाशीचे दात असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार सुळा, त्यामागे उपदाढा आणि मग दाढा. कायमच्या वरच्या सुळ्याची घडण बाळ चार-पाच महिन्यांचे असतानाच हाडात सुरू होते. ती होते कुठे, तर फार वर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीखाली. तिथून हिरडीपर्यंत यायला त्याला सर्व दातांत लांबचा प्रवास करावा लागतो. त्याचे मूळही सर्वांत लांब. बी फार खोल पडले तर कोंब वर यायला वेळ लागतो आणि वाटेत ढेकूळ आडवे आले तर तो वाकडा होतो, हे आपल्याला सांगायला नको. इथे फक्त उलटे आहे, कोंब वरून खाली येतो.

त्यात आणखी एक अडचण. वरचे पटाशीचे दात सात ते नऊ वर्षांच्या दरम्यान येतात. सुळ्यामागची पहिली उपदाढ दहा-अकराला येते. सुळा येतो अकरा ते तेराच्या दरम्यान. म्हणजे एस.टी.त दोन्ही कडेचे उतारू ऐसपैस बसून झाल्यावर मधल्या जागेवर बसायला आलेला हा तिसरा माणूस. जागा धरून ठेवलेली असते ती दुधाच्या सुळ्याने आणि दुधाच्या दाढांनी. त्या किडून आधीच काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात आणि जागा जाते. "दुधाचेच तर आहेत, पडणारच आहेत" म्हणून दुधाच्या किडक्या दातांकडे दुर्लक्ष करणाऱ्या आईबापांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

जागा नसली की सुळा बहुधा ओठाच्या बाजूला, उंचावर बाहेर पडतो. दातावर दात आला असे आपण म्हणतो तो हाच. काही घरांत ते भाग्याचे लक्षणही मानतात. भाग्याचे मला माहीत नाही, पण तो दात निदान डोळ्यांना दिसतो आणि त्याची दखल घेतली जाते. जो टाळूच्या बाजूला सरकून हाडातच आडवा पडतो तो फसवा. गंमत अशी की टाळूकडे गेलेल्या सुळ्याला पुष्कळदा खाली जागा असते, तरीही तो येत नाही. त्याचे कारण वेगळे. खाली उतरताना सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाचा आधार धरून येतो, वेल काठीला धरून चढतो तसा. हा शेजारचा दात मुळातच बारीक, खुंटीसारखा असला किंवा आलाच नसला तर सुळ्याची वाट चुकण्याची शक्यता वाढते. हे घराण्यातही चालत येते. म्हणून सासूबाईंनी तुमच्या दाताची आठवण काढली ती योग्यच केली. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. आईचा सुळा अडकलेला असेल तर मुलीकडे जास्त लक्ष द्यायचे, कमी नाही.

शंभर माणसांत साधारण एक ते तिघांचा वरचा सुळा असा अडकतो. अक्कलदाढेच्या खालोखाल अडकणारा दात हाच, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये हे जवळजवळ दुप्पट आढळते.

आता "दुखत नाही तर खर्च कशाला" या प्रश्नाकडे येतो. याचे उत्तर देताना मला माझीच एक चूक सांगावी लागेल. दवाखाना टाकून थोडीच वर्षे झाली होती. एक शेतकरी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. एका बाजूचा दुधाचा सुळा घट्ट होता. हिरडी चाचपून पाहिली असती तर मला कळायला हवे होते. मी चाचपली नाही, फोटो काढला नाही. "येईल अजून, वाट बघा," एवढे सांगून पाठवून दिले. मुलगी परत आली ती अठरा वर्षांची होऊन. समोरचा पटाशीचा दात हलतो म्हणून आली होती. एक्स-रे काढला तर अडकलेल्या सुळ्याचे टोक त्या चांगल्या दाताच्या मुळावर टेकले होते आणि मूळ अर्ध्याहून अधिक झिजून गेले होते. सहा वर्षांत तिला एकदाही कळ आली नव्हती. तो दात वाचला नाही. तिचे वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्हीच तर थांबा म्हणाला होता." तेव्हापासून दहा वर्षांचे मूल कशासाठीही दवाखान्यात आले तरी मी आधी त्याचा ओठ वर करतो.

अडकलेला सुळा करतो ते मुख्य नुकसान हेच. शेजारच्या दाताचे मूळ झिजते आणि झिजताना दुखत नाही. कधी अडकलेल्या दाताभोवती पाण्याची पिशवी तयार होऊन आतले हाड पोखरले जाते. तीही बराच काळ मुकी असते. प्रत्येकाचे असे होतेच असे नाही. पण कुणाचे होईल हे तोंडात बघून सांगता येत नाही, त्यासाठी फोटोच लागतो.

घरी काय बघायचे ते आता सांगतो. यासाठी डॉक्टर लागत नाही. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की त्याला उजेडात बसवा, बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड घ्या. हात स्वच्छ धुवा. वरचा ओठ उचला. दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी एकेक बोट एकदमच फिरवा. कायमचा सुळा नीट वाटेने येत असेल तर दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तिथे हरभऱ्याएवढा टणक उंचवटा हाताला लागतो. दोन्हीकडे लागला तर बहुधा काळजी नाही. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला लागत नाही, किंवा तो टाळूच्या बाजूला लागतो, असे असेल तर दाखवा. एका बाजूचा नवा सुळा येऊन सहा महिने झाले आणि दुसरीकडे दुधाचा दात ढिलाही झाला नाही, तरी दाखवा. शेजारचा पटाशीचा दात एकाएकी बाहेर झुकू लागला, वळला किंवा हलू लागला तर सुगीचीसुद्धा वाट पाहू नका.

एक गोष्ट मात्र करू नका. हे वाचून कुणी दोरा बांधून किंवा पकडीने घट्ट दुधाचा सुळा घरीच उपटायला जाऊ नये. ढिला झालेला दात मुलाने स्वतः हलवून काढला आणि कौलावर फेकला तर माझी हरकत नाही. घट्ट दाताचे मूळ शाबूत असते, ते मोडून आत राहते. शिवाय तो काढावा की ठेवावा हे फोटो पाहिल्याशिवाय ठरत नाही.

डॉक्टर एकाऐवजी दोन फोटो काढायला सांगतील तेव्हा पैसे उकळतात असे समजू नका. बांधावर उभे राहा. समोर जवळ लिंब आहे आणि त्याच्या मागे लांब आंबा आहे, दोन्ही एका रेषेत. आता दोन पावले उजवीकडे सरका. मागचा आंबा तुमच्याबरोबर उजवीकडे सरकल्यासारखा दिसतो. एक्स-रेचेही तसेच. नळी थोडी सरकवून दुसरा फोटो घेतला की सुळा नळीच्या बरोबरीने सरकलेला दिसतो की उलट दिशेला, यावरून तो टाळूकडे आहे की ओठाकडे हे कळते. ही युक्ती १९१० सालापासून चालत आलेली आहे आणि आजही उपयोगी आहे. हल्ली मोठ्या गावांत सर्व बाजूंनी दात दाखवणारा स्कॅन होतो. साध्या फोटोत न दिसणारी मुळाची झीज त्यात दिसते. तो प्रत्येकाला लागत नाही. शेजारच्या मुळाला धोका वाटला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर लागतो.

उपाय वयावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच मी वेळेचा एवढा धोशा लावला आहे. मूल दहा ते तेरा वर्षांचे असेल, सुळा थोडाच भरकटला असेल आणि खाली जागा असेल, तर पुष्कळदा नुसता दुधाचा सुळा काढून टाकणे पुरते. बांध फोडून दिला की पाणी आपली वाट धरते तसा आतला सुळा सरळ होऊ लागतो. स्वीडनमधील एरिक्सन आणि कुरोल या दोघांनी १९८८ साली असे ४६ सुळे तपासून लिहून ठेवले आहे. दहा ते तेरा वर्षांची मुले होती. दुधाचा सुळा काढल्यावर शंभरात ७८ सुळे नीट वाटेला लागले. त्यातही जे शेजारच्या दाताच्या मुळावर अर्ध्यापेक्षा कमी सरकलेले होते त्यांत शंभरात ९१, आणि जे अर्ध्यापुढे गेले होते त्यांत ६४. उशीर म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसते. दात काढल्यावर वर्षभरात फोटोमध्ये सुधारणा दिसली नाही तर पुढचा उपाय करावा लागतो. ताई, तुमची मुलगी या वयाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. तिला हा उपाय लागू पडेल की नाही हे फोटो सांगेल.

पुढचा उपाय म्हणजे सुळा ओढून आणणे. जागेपुरती भूल देऊन हिरडी थोडी उघडतात, वरचे पातळ हाड काढतात, आतल्या सुळ्यावर एक बारीक बटण चिकटवतात आणि त्याला नाजूक साखळी लावतात. आधी इतर दातांना तार बसवून जागा केलेली असते. त्या तारेला ही साखळी बांधून सुळ्याला हळूहळू खाली आणतात. हळूहळू म्हणजे किती? सगळे मिळून दीड-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त. गाभण्या म्हशीला घाई करून चालत नाही, तसेच हेही. जोर लावला तर मूळ दुखावते.

या उपचारात सर्वांत मोठा खर्च फेऱ्यांचा असतो. महिना-सव्वा महिन्याने तार घट्ट करायला जावे लागते. शेतकरी घरात पहिली चार महिने सगळे जातात, मग पेरणी येते, लग्नसराई येते आणि फेऱ्या चुकतात. तार तोंडात तशीच राहिली की दात किडतात आणि दोष डॉक्टरला मिळतो. म्हणून सुरू करण्यापूर्वीच विचारा, एकूण खर्च किती, फेऱ्या किती, पैसे हप्त्याने चालतील का. आणि घरातले कोण मुलीबरोबर जाणार ते ठरवून टाका. तार असेपर्यंत ऊस दाताने सोलायचा नाही, चिक्की आणि कडक शेंगदाणे बंद, भाकरी कालवणात मोडून खायची. दोन वेळा ब्रश. मिश्री तर एरवीही लावू नये, त्यात तंबाखू असते. पण आजीचे बघून मुली बोटाने लावू लागतात म्हणून मुद्दाम लिहिले.

काहींचा सुळा इतका आडवा असतो किंवा वय इतके झालेले असते की तो ओढून येत नाही. वय वाढते तसा अडकलेला दात हाडाला चिकटून बसण्याची शक्यता वाढते. मग तो शस्त्रक्रियेने काढतात आणि मागची उपदाढ पुढे आणून किंवा कृत्रिम दात बसवून जागा भरतात. आणि काहींच्या बाबतीत काहीच करत नाहीत, नुसते लक्ष ठेवतात.

या शेवटच्या प्रकारात बहुधा तुम्ही स्वतः आहात, ताई. दुधाचा सुळा असा तिशी-चाळिशीपर्यंतही टिकतो. त्याचे मूळ हळूहळू विरघळते आणि एक दिवस तो हलू लागतो. तुमचा कायमचा सुळा मुळात तयारच झाला नव्हता की आत आडवा पडून आहे, हे फोटोशिवाय कळणार नाही. मुलीबरोबर जाल तेव्हा तुमचाही एक फोटो काढून घ्या. आत दात असेल, पिशवी नसेल आणि शेजारची मुळे धड असतील, तर डॉक्टर कदाचित म्हणतील की राहू द्या आणि ठरावीक मुदतीने फोटो काढून बघू. तुमचे काय अडले, या सासूबाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेव्हाच मिळेल.

एक भीती मी पत्र न वाचताही ओळखू शकतो, कारण ती प्रत्येक घरात असते. वरचा दात काढला की नजर जाते, अशी समजूत आहे. दाताची नस वेगळी आणि नजरेची नस वेगळी, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखाली येते, त्यावरून ही समजूत रुजली असावी. इंग्रज लोकही सुळ्याला "डोळ्याचा दात" म्हणतात, आणि तेही तो काढतात.

कुठे जायचे? आधी तुमच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात शाळेची चिठ्ठी घेऊन जा. ती चिठ्ठी फेकू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, ती मुलांचे दातही बघतात आणि त्यांच्या चिठ्ठीवर पुढे पाठवण्याची सोय असते. ओढून आणायचा उपचार ठरला तर तारेचे तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ दोघेही लागतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे दोन्ही एका छताखाली आहेत, गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीला आहेत. खाजगीपेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो, रांग मात्र मोठी असते. सकाळी लवकर पोहोचेल अशा गाडीने निघा.

फोटो मिळाले की त्यावर तारीख घालून पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेत तरी चालेल. वर्षाने दुसरा फोटो निघेल तेव्हा सुळा सरकला की तिथेच आहे, हे जुना शेजारी धरल्याशिवाय डॉक्टरांना सांगता येणार नाही.